पाहुणा की चोर?

शाळेच्या अंगणातून

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कबुली देते. बाईसुद्धा चुकतात! आणि माझी ही चूक तिसरीतल्या एका मुलाने मला दाखवून दिली. आजची गोष्ट त्या चुकीची आहे, आणि ती चूक दुरुस्त करता करता आम्ही शाळेत काय काय शिकलो त्याचीही आहे.

आमची शाळा सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात आहे. पहिली ते चौथी. खोल्या कमी, पण अंगण मोठं. अंगणात एक जुनं जांभळाचं झाड, दोन आंबे आणि कुंपणाला लागून एक ऐनाचं झाड.

२०१७ सालची दिवाळीची सुट्टी संपली आणि आम्ही अंगणाची साफसफाई काढली. आंब्यावर बांडगुळं फार झाली होती. गावातल्या एका पालकांनी वर चढून ती कोयत्याने तोडून दिली. आता बांडगूळ म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्याच्या जिवावर जगणारं झाड! आपल्याकडे आयतं खाणाऱ्या माणसालाही "बांडगूळ" म्हणतात. मुलांना हे समजावून सांगत असतानाच माझं लक्ष जांभळाकडे गेलं. तिथे बेचक्यात पट्ट्यासारख्या जाड, लांब पानांचं एक झाड चिकटून बसलं होतं. मी म्हटलं, "ते बघा, तिथेही एक बांडगूळ आहे. काढा ते."

मुलांनी ते खरवडून काढलं आणि पाचोळ्याच्या ढिगावर फेकलं. तेवढ्यात तिसरीतला एक मुलगा हळूच म्हणाला,

"बाई, ह्यां बांडगूळ न्हय. आजो म्हणता, ही सीतेची वेणी."

मी काय म्हणाले असेन? "बरं बरं, आधी पाचोळा उचला."

तो गप्प बसला. मीही विसरून गेले.

ढिगावरचं कोडं

आठ दिवसांनी त्याच ढिगाजवळून जाताना मी थांबले. आंब्यावरची बांडगुळं दोन-तीन दिवसांतच वाळून काळी पडली होती. पण जांभळावरचं ते झाड? ते अजून हिरवंगार! पानं थोडी सुरकुतली होती, एवढंच. बाहेर आलेली जाड, चंदेरी मुळं जशीच्या तशी होती.

मला कोडं पडलं. ते जर जांभळाचा रस पिऊन जगत असेल, तर जांभळापासून तोडल्यावर त्याने बांडगुळासारखंच वाळायला हवं होतं. ते का वाळलं नाही?

मी जांभळापाशी गेले आणि ते झाड जिथे चिकटलं होतं ती जागा नीट पाहिली. आम्ही खरवडल्याच्या खुणा सोडल्या, तर साल शाबूत होती. भोक नाही, गाठ नाही, फुगवटा नाही. मग आंब्याची फांदी पाहिली. बांडगूळ जिथे उगवलं होतं, तिथे फांदीला लाकडाची मोठी गाठ आली होती. बांडगुळाची मुळं सालीतून आत घुसतात, झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांपर्यंत पोचतात आणि तिथलं पाणी व क्षार चोरतात. बांडगुळाला हिरवी पानं असतात, म्हणजे ते आपलं अन्न थोडंफार स्वतः तयार करतं. पण त्यासाठी लागणारं पाणी मात्र चोरीचं! म्हणून त्याला अर्धा चोर म्हणू या.

आणि सीतेची वेणी? तिने जांभळाकडून फक्त बसायला जागा घेतली होती. ती चोर नव्हती, पाहुणी होती. आणि मी पाहुणीलाच चोर समजून हाकलून दिलं होतं!

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सगळ्यांसमोर सांगितलं, "माझं चुकलं. याचं बरोबर होतं." त्या मुलाचे कान लाल झाले. पण मधल्या सुट्टीत तो धावत घरी गेला आणि आजोबांना घेऊन आला. आजोबांच्या हातात काथ्याची दोरी होती.

हवेत मुळं, तरी पोट भरतं कसं?

सीतेची वेणी ही एक आमरी आहे. आमरी म्हणजे ऑर्किड. शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा. जरा अवघड आहे, पण एकदा मोठ्याने म्हणून बघा! मे-जूनमध्ये तिला फुलांचे लांब तुरे येतात. पांढऱ्या फुलांवर गुलाबी-जांभळे ठिपके असतात, आणि एका तुऱ्यात शंभराहून जास्त फुलं असू शकतात. तुरा खाली लोंबतो तेव्हा तो खरोखर वेणीसारखा दिसतो. आसाममध्ये हिला कपौ फूल म्हणतात. तिथे बिहूच्या नाचाला मुली ते केसांत माळतात. आसामचं ते राज्यपुष्प आहे.

अशा, दुसऱ्या झाडावर बसून स्वतःच्या कष्टाने जगणाऱ्या वनस्पतींना "अपिवनस्पती" म्हणतात. जमीन सोडून त्या वर का गेल्या? उजेडासाठी! दाट रानात खाली अंधार असतो. उंच झाड व्हायचं तर वर्षानुवर्षं खोड वाढवावं लागतं. यांनी सोपी युक्ती काढली. कुणाच्या तरी खांद्यावर बसायचं, की ऊन आपोआप मिळतं. जत्रेत लहान मूल बाबांच्या खांद्यावर बसून पालखी बघतं ना, तसं!

पण वर माती नाही, विहीर नाही. मग पाणी कुठून आणायचं? इथेच खरी गंमत आहे. आमरीच्या मुळावर स्पंजासारखं एक जाड आवरण असतं. ते मेलेल्या, पोकळ पेशींचं असतं. कोरडं असताना ते चंदेरी दिसतं. पावसाचा थेंब पडला की ते टिपकागदासारखं पाणी शोषून घेतं आणि पारदर्शक होतं. मग आतला हिरवा रंग दिसू लागतो. म्हणजे मूळच तुम्हाला सांगतं, "मला तहान लागली आहे," किंवा "माझं पोट भरलं."

आणि खत? पावसाचं पाणी फांदीवरून वाहत येताना धूळ, कुजलेला पाला, पाखरांची शीट असं थोडं थोडं बरोबर आणतं. तेवढं हिला पुरतं.

उन्हाळ्यात तर ही मंडळी फारच काटकसरी. बहुतेक झाडं दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रं उघडतात, आणि तेव्हा बरंच पाणी वाफ होऊन निघून जातं. जाड पानांच्या अनेक आमऱ्या मात्र ही छिद्रं रात्री उघडतात, लागणारा कार्बन डायऑक्साइड गार हवेत भरून ठेवतात आणि दिवसा दार बंद करून अन्न शिजवतात. आहे की नाही हुशारी?

आणखी काही पाहुणे

कोकणात झाडावर आणखी एक पाहुणा दिसतो, तो म्हणजे बाशिंग. हे नेचाच्या जातीचं आहे. त्याला दोन प्रकारची पानं येतात. हिरवी लांब पानं अन्न तयार करतात. दुसरी आखूड, तपकिरी, सुकल्यासारखी पानं खोडाला टोपलीसारखी चिकटून बसतात. ती निरुपयोगी मुळीच नसतात बरं का! वरून पडणारा पाचोळा त्या टोपलीत साठतो, कुजतो आणि बाशिंगाला घरबसल्या खत मिळतं.

सातासमुद्रापलीकडे, अमेरिका खंडातल्या रानांत, झाडांवर बसणारं एक मोठं घराणं आहे, ब्रोमेलियाड. या घराण्यातला एक जण तुम्ही नक्की खाल्ला आहे. कोण? अननस! तो मात्र जमिनीवर वाढतो. त्याचं नावही तिकडचंच, पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आलेलं. त्याचे भाऊबंद झाडांवर बसतात आणि पानांच्या मधल्या पेल्यात पावसाचं पाणी साठवतात. त्या पाण्यात डासांच्या अळ्या, किडे, बेडूक असं अख्खं तळं नांदतं. मध्य अमेरिकेत एक लाल, इवलासा बेडूक आहे. त्याची मादी आपली पिल्लं पाठीवर घेऊन झाडावर चढते आणि एकेकाला अशा एकेका पेल्यात सोडते. म्हणजे झाडावर पाहुणा, आणि पाहुण्याच्या घरी आणखी पाहुणा!

रस्त्याकडेचे तीन वृक्ष

आता परत आमच्या गावात येऊ. आजोबांनी काथ्याच्या दोरीने सीतेची वेणी जांभळाच्या बेचक्यात परत बांधली. बांधताना ते एकच गोष्ट सारखी सांगत होते, "घट बांधा, हलूक नको." तेव्हा मला वाटलं, म्हातारी माणसं एकच गोष्ट दहादा सांगतात. पण त्या दोन शब्दांत सगळी विद्या होती, हे पुढे कळलं.

मे २०१८ मध्ये गावातला रस्ता रुंद करायचं काम निघालं. रस्त्याकडेचे दोन रायवळ आंबे आणि एक फणस तोडायचं ठरलं. किती जुने असतील? आजोबा म्हणाले, "मी शाळेत जायचो तेव्हाही ते एवढेच होते."

झाडं पडली त्या दिवशी सुट्टी असूनही मुलं जमली होती. एरवी ज्या फांद्या मान वर करून पाहाव्या लागत, त्या आता जमिनीवर आडव्या होत्या. आणि त्यांच्यावर अपिवनस्पतींचं अख्खं गाव वसलेलं होतं! सीतेच्या वेण्या होत्या, गाठीगाठींच्या कांड्यांची डेन्ड्रोबियम होती, बाशिंग होतं. आमचा तो मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, झाडं तर गेली. आता ह्यांचं काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे "आधी पाचोळा उचला" हे उत्तर नव्हतं.

मी कामावरच्या मुकादमांना विचारलं. ते म्हणाले, "न्या की बाई, नाहीतरी जळणातच जाणार." वनरक्षकांनाही विचारून घेतलं. मग आजोबा, तीन-चार पालक, दोन करवती, एक कोयता आणि आम्ही असे कामाला लागलो. दोन दिवसांत एकंदर चौदा झाडं शाळेत आणली. नऊ सीतेच्या वेण्या, तीन डेन्ड्रोबियम आणि दोन बाशिंगं.

पाहुण्याला बसवायचं कसं?

आम्ही जे केलं ते क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, मुळं ओढायची नाहीत. आमरीची मुळं सालीला इतकी घट्ट चिकटतात, की ओढली तर तुटतातच. फांदी बारीक असेल तर झाडासकट फांदीचा तुकडा कापायचा आणि तो तुकडाच नव्या झाडाला बांधायचा. फांदी जाड असेल तर मुळांखालची साल कोयत्याने सोलून मुळांसकट उचलायची. कोयता चालवायचं काम अर्थात मोठ्यांचं.

दुसरी गोष्ट, यजमान कोण? साल खरबरीत आणि न सुटणारी हवी. आंबा, फणस, जांभूळ चांगली. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, म्हणून तीही उत्तम. पेरू आणि निलगिरीची साल मात्र पापुद्र्यांनी गळते. तिच्यावर बसवलेला पाहुणा एक दिवस सालीसकट खाली येतो.

तिसरी गोष्ट, जागा. सकाळचं कोवळं ऊन मिळेल आणि दुपारी पानांची सावली राहील अशी, म्हणजे शक्यतो पूर्वेची बाजू. शेळ्यांचं तोंड पोचणार नाही एवढ्या उंचीवर, पण मुलांना दिसेल अशी.

चौथी गोष्ट, वेळ. पावसाळ्याच्या तोंडाशी मुळांना नवी हिरवी टोकं फुटू लागतात. हीच टोकं सालीला धरतात. म्हणून जूनचा आरंभ उत्तम.

पाचवी गोष्ट, बांधणं. काथ्याची दोरी किंवा जुन्या सुती साडीची पट्टी घ्यायची. मुळं सालीला टेकलेली ठेवायची. हवं तर मुळांवर नारळाच्या सोडणाचा पातळ थर द्यायचा, पण झाडाचा बुंधा झाकायचा नाही आणि माती तर मुळीच नाही. सीतेच्या वेणीचा शेंडा किंचित बाहेर कललेला ठेवायचा, म्हणजे पावसाचं पाणी पानांच्या मध्यात साचून कुजत नाही. मग घट्ट बांधायचं.

का घट्ट? आता आजोबांच्या "हलूक नको"चा अर्थ ऐका. मुळाचं नवं टोक फार नाजूक असतं. रोज थोडं थोडं पुढे सरकत ते सालीला चिकटतं. झाड वाऱ्याने हललं की ते टोक घासून तुटतं. पुन्हा नवं फुटतं, पुन्हा तुटतं. असं होत राहिलं तर झाड शेवटी दमतं. झाड जरासुद्धा हललं नाही, तर दोन-तीन महिन्यांत स्वतःच्या मुळांनी उभं राहतं. मग दोरीची गरज उरत नाही. सुती पट्टीची तर गंमतच आहे. पाहुणा स्थिर होईपर्यंत ती धरून ठेवते आणि मग पावसात कुजून आपली आपण गळून पडते!

आमच्या पाच चुका

वर्षभरानंतर मोजलं, तेव्हा चौदापैकी नऊ झाडं जिवंत होती. पाच गेली. ती का गेली, हे मुलांनी फळ्यावर लिहून ठेवलं होतं. तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगते.

दोन सीतेच्या वेण्या आम्ही तांब्याच्या तारेने बांधल्या होत्या. एका पालकांकडे जुनी वायर होती, म्हटलं मजबूत राहील. पण तांबं आमरीला विषासारखं असतं. तारेला टेकलेली मुळं काळी पडली आणि दोन्ही झाडं गेली.

एक झाड मुलांच्या हट्टाने शाळेमागच्या पेरूवर बांधलं होतं. ते श्रावणात सालीच्या पापुद्र्यासकट खाली पडलं आणि गोगलगाईंनी त्याची मुळं खाऊन टाकली.

एका डेन्ड्रोबियमवर पहिलीतल्या मुलांची भारी माया. त्यांनी मुळांभोवती चिखलाचा गोळा थापला आणि रोज तांब्याभर पाणी ओतलं. बिचारं कुजून गेलं. मायासुद्धा मापात हवी!

आणि एक बाशिंग माकडांनी उपटलं. त्यात आमची चूक एवढीच, की दोरी सैल होती.

सहावी चूक होता होता वाचली. हिवाळ्यात उरलेल्या डेन्ड्रोबियमची सगळी पानं गळली. मुलं म्हणाली, "बाई, मेली, काढून टाकू." या वेळी मात्र मी शहाणी झाले होते. म्हटलं, "थांबा. कांडी दाबून बघा." कांडी टणक होती. ती जिवंत होती, झोपली होती! पाणी आणि अन्न कांडीत साठवून ती विश्रांती घेत होती. काही आठवड्यांनी त्याच उघड्या कांडीवर नाजूक पांढरी फुलं आली. न कळता काही उपटून टाकायचं नाही, हा धडा वर्गातल्या कुणालाही परत शिकवावा लागला नाही.

वेणी फुलली

आमच्या सीतेच्या वेण्या मात्र फुलायचं नाव घेईनात. २०१९ चा जून आला आणि गेला. नवी पानं आली, मुळं हातभर वाढली, पण फूल नाही. तो मुलगा चौथी पास होऊन शेजारच्या गावातल्या शाळेत पाचवीला गेला. जाताना मला बजावून गेला, "फुलली की सांगा हां बाई."

मग आलं २०२०. मार्चमध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या. अंगण सुनं झालं. उन्हाळ्यात झाडांना पाणी कोण घालणार, ही काळजी होती. शाळेशेजारी राहणाऱ्या एका आजींनी सांगितलं, "मी शिंपडीन सकाळचं." आणि त्यांनी ते खरोखर रोज केलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी कामासाठी शाळेत गेले. फाटक उघडलं आणि जांभळाकडे पाहिलं. बेचक्यातून एक वेणी खाली लोंबत होती. पांढरी, गुलाबी ठिपक्यांची, चांगली वीतभर लांब.

ती कोणती होती, सांगू? रस्त्याकडच्या नऊंपैकी नव्हती. पाचोळ्याच्या ढिगावर मी फेकायला लावली होती ना, तीच.

मी निरोप पाठवला. तासाभरात तो सायकलवरून आला. तोंडाला रुमाल बांधलेला, उंच झालेला. फाटकापाशी थांबला, लांबूनच बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "बाई, दोरी कुठेय?"

दोरी नव्हतीच. कधीच कुजून गेली होती. वेणी आपल्या मुळांनी बसली होती.

त्याचे आजोबा त्या वर्षी आजारी होते, त्यांना शाळेपर्यंत येता येत नव्हतं. म्हटलं, "एक तुरा तोडून नेतोस का त्यांना दाखवायला?" तो म्हणाला, "नको. एकच तर आलाय. मी सांगतो त्यांना कसा आहे तो." आणि त्याने कंपासपेटीतला पट्टीचा तुकडा काढून तुरा मोजला. फुलंही मोजायला लागला. सत्तरपर्यंत मोजून चुकला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.

तुम्हीही करून बघा, पण...

पण एक अट आहे. रानातून झाड काढून आणायचं नाही! राखीव जंगलातून झाड काढणं हा तर गुन्हाच आहे. आणि गुन्हा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. का ते ऐका. आमरीच्या एका बोंडात हजारो बिया असतात, कधी कधी तर लाखो. धुळीच्या कणांएवढ्या! वारा त्या दूर नेतो. पण त्या बीमध्ये कोंबासाठी शिदोरी नसते. एका ठरावीक प्रकारची बुरशी भेटली, तरच ते बी रुजतं. लाखांतून एखादंच रुजतं आणि त्याला फूल यायला कित्येक वर्षं लागतात. म्हणून रानातली एक आमरी उपटली, तर ती जागा पुन्हा भरेलच असं नाही.

मग झाड कुठून मिळवायचं? वादळात पडलेल्या किंवा तोडलेल्या झाडावर दिसलं, तर मोठ्यांना सांगून, परवानगी घेऊन वाचवा. शहरातल्या मुलांनी रोपवाटिकेत वाढवलेलं डेन्ड्रोबियम घ्यावं. कुंडीतून अलगद काढावं, मुळांमधला कोळसा आणि सोडण पाण्याने धुवावं, कुजलेली मुळं कात्रीने काढावीत आणि आंब्याच्या वाळक्या, सालीसकट फांदीवर सुती पट्टीने घट्ट बांधावं. ते पूर्वेच्या खिडकीत किंवा गॅलरीत टांगावं. रोज सकाळी मुळं हिरवी होईपर्यंत पाणी फवारावं आणि ती पुन्हा चंदेरी होऊ द्यावीत. सतत ओली ठेवू नयेत. पावसात भिजत असेल तर वेगळं पाणी नकोच. एवढंच काम!

आई-बाबांसाठी एक विनंती. अंगणातल्या आंब्यावर काही उगवलेलं दिसलं, तर कोयता घ्यायच्या आधी मुलांबरोबर खाली उभं राहून दोन मिनिटं नीट बघा. फांदीला गाठ आली आहे का? उगवलेलं झाड फांदीतूनच फुटल्यासारखं दिसतंय का? तर ते बांडगूळ. मुळं सालीवरून नुसती पसरली आहेत का? मग तो पाहुणा आहे. राहू द्या त्याला.

आणि वर्गात किंवा घरात एखादं मूल हळूच म्हणालं, "हे तसं नाही," तर पाचोळा नंतर उचलता येतो. आधी त्याचं ऐका. हे मी स्वतःलाही सांगते आहे.

या आठवड्याचं कोडं

आमरीच्या घराण्यातली एक वेल आहे. तिच्या वाळवलेल्या शेंगेचा वास तुम्हा सगळ्यांना आवडतो, आणि उन्हाळ्यात तर फारच! १८४१ साली, रियुनियन बेटावर, एडमंड आल्बियस नावाच्या अवघ्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने तिच्या फुलांचं परागीभवन हाताने करायची सोपी रीत शोधून काढली. मोठमोठ्यांना न सुटलेलं कोडं त्याने एका काडीने सोडवलं. ही वेल कोणती?

उत्तर पुढच्या आठवड्यात. तोवर शाळेत जाता-येता मान वर करून झाडं बघत चला. आणि हो, रस्ता ओलांडताना मात्र मान सरळ ठेवा!

तुमच्या बाई